समुद्र की भंडारदरा?

आमच्या गटाची सहल यंदा कुठे न्यायची यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठकांत भांडण झालं. गट संगमनेरच्या विडी वळणाऱ्या बायकांचा, पटावर चौतीस जणी. प्रत्येकीने महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकायचे आणि वर्षाकाठी सहल करायची, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं. यंदा पर्याय दोनच उरले आणि दोन्ही पाण्याकाठचे. एक अलिबाग, दुसरं भंडारदरा.

भविष्य निर्वाह निधीचे अर्ज पडून आहेत, कोणाची ओळखपत्रं नाहीत, आणि आपण सहलीवर दोन-दोन तास घालवतोय, असं पहिल्या बैठकीत मलाही वाटलं होतं. तिसऱ्या बैठकीनंतर माझं मत बदललं. ते इथे मांडते आहे, कारण बहुतेक गटांत हा प्रश्न वर्षातून एकदा येतो आणि आपण कार्यकर्त्या तो फार घाईने उरकतो. जवळचं ठिकाण, स्वस्त गाडी, संध्याकाळी परत. संपलं.

गेल्या वर्षी मी तसाच उरकला होता. भंडारदरा मीच ठरवलं. माझ्या मनात त्याची कारणं पक्की होती. संगमनेरच्या पात्रात जी प्रवरा वाहते, ती रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि शेंडी गावाजवळ भंडारदऱ्याच्या धरणात अडते. ज्या पाण्यात आमच्या बायका टेंभुर्णीची पानं भिजवतात, ते पाणी कुठून येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं, अशी माझी इच्छा. धरणाचा इतिहास मी कागदावर काढून नेला होता. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला त्यांचं नाव मिळालं. पाणी खाली गेलं, कालव्यांवर ऊस उभा राहिला, पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. वरच्या अंगाला राहिले महादेव कोळी आणि ठाकर. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जिथे शब्दशः लागू पडते, असा हा भाग. त्याच काळात मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, इथल्या बुडितात गेलेल्यांची मात्र तशी नोंद आपल्या वाचनात येत नाही, असं सगळं मी सांगणार होते. एम.एस.डब्ल्यू.ला गटकार्याच्या पेपरात सहल हे ‘कार्यक्रम-माध्यम’ असतं. म्हणजे सहल ही कशासाठी तरी असते, नुसती सहल नसते. हे माझ्या डोक्यात इतकं मुरलेलं होतं की त्यात काही चुकीचं आहे असं वाटलंच नाही.

सकाळी सात वाजता गाडी निघाली. नंतर कळलं की बहुतेक जणी साडेतीनला उठल्या होत्या, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवायला. पाणी भरून, मुलांचे डबे करून, सासूची गोळी काढून ठेवून मग त्या सहलीला आल्या. अकोले येईपर्यंत अर्धी गाडी झोपली होती. राजूरला चहा झाला. शेंडीला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भाद्रपद संपत आलेला, उतारांवर सोनकी फुललेली, धरण काठोकाठ. पाणी पाहून बायका गप्प झाल्या. मी कागद काढला. दोन-चार वाक्यं झाली असतील, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, “ताई, हे गाडीत सांगितलं असतं तर झोप तरी लागली असती.” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कागद पिशवीत गेला तो गेलाच.

पुढची गोष्ट जास्त बोचली. दुपारच्या आधी धरणाच्या खालच्या बागेत बसलो होतो. पाहते तर दोन जणी पाठ फिरवून बसलेल्या. हातात काय आहे म्हणून पुढे गेले, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं, पिशवीत तंबाखू, आणि विड्या वळणं चालू. एकीचा हजाराचा हिशेब पुरा व्हायचा होता. दुसरीला तसं काही नव्हतं, ती म्हणाली, “हात रिकामे असले की छातीत धडधडतं.” जेवण शेंडीतल्या एका घरी सांगितलं होतं, पिठलं, भाकरी, ठेचा, भात. घरातली बाई आणि तिची सून चुलीपाशी. पंधरा मिनिटांत आमच्यातल्या चौघी आत शिरल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. त्या घरच्या बाईने नको नको म्हटलं. “तुम्ही पाव्हण्या,” म्हणाली. आमच्या बायकांना पाव्हणी होता आलं नाही.

आणि साडेतीनला मी हाक मारली, “चला, आवरा.” अंधाराच्या आत घरी पोचवायचं कबूल केलं होतं. त्याच वेळेला कुठे बायका पाण्याच्या काठाला खडकांवर बसल्या होत्या, पातळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाय पाण्यात सोडून. कोणी बोलत नव्हतं. हाक मारल्यावर त्या ज्या तऱ्हेने उठल्या, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तक्रार कोणी केली नाही. आमच्या बायका तक्रार करत नाहीत, पातळ झटकतात आणि चालू लागतात.

त्याआधी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. आमच्या गटात एक महादेव कोळी बाई आहे. माहेर धरणाच्या पलीकडच्या अंगाला, लग्नानंतर संगमनेरला आली, इथे शेजारणींकडून विड्या वळायला शिकली. (आमच्या वस्तीत घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका बऱ्याच. विडीचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातातलं.) तिने काठावरून बोट दाखवलं, ते कळसूबाईचं शिखर. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, एवढं मला ठाऊक होतं. कथा तिने सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली, तेव्हा तिने अट घातली होती की मी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी सगळं करीन. काही दिवस नीट गेले. मग एक दिवस घरात पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि तडक डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली ती जागा डोंगरावर दाखवतात, तिला थाळेमेळ म्हणतात. ही कथा जुन्या इंग्रजी गॅझेटियरातही आहे, मी नंतर पाहिली. नवरात्रात तिथे जत्रा भरते, शिड्या चढून बायका ओटी भरायला जातात.

कथा ऐकून एक सासू म्हणाली, “एवढ्यावर देवी होतं होय माणूस?” आणि तिची सून जोरात हसली. ही सासू-सुनेची जोडी आमच्याच गटातली आहे. ती लक्षात ठेवा, पुढे येईल.

तर यंदाचं भांडण. पहिल्या बैठकीत मी आणि माझी सहकारी आम्ही दोघीही पुन्हा भंडारदराच म्हणालो. गेल्या वर्षी काय चुकलं ते कळलंय, या वेळी सुधारू. जेवण बाहेरून आणू, पानं-तंबाखूवर बंदी घालू. (ही बंदीची कल्पना माझी. आता लाज वाटते.) त्यावर ती माहेरवाशीण म्हणाली, “माझ्या माहेरच्या पाण्याला मी गाडी करून पैसे देऊन किती वेळा जाऊ? त्या काठावरनं मी हंडे वाहिलेत. तुम्हाला ते छान दिसतं. मला ती चढण दिसते.”

मग एक वयस्क बाई बोलल्या. बैठकीत कधीच बोलत नाहीत. म्हणाल्या, “तिथं पलीकडचा डोंगर दिसतो. मला पलीकडं काहीच दिसत नाही असं पाणी बघायचंय.”

यानंतर बैठकीचा रंग बदलला. चौतीस जणींपैकी समुद्र पाहिलेल्या तीन निघाल्या. दोघी मुंबईला दवाखान्याच्या निमित्ताने गेल्या होत्या, तेव्हा टॅक्सीतून. समुद्राचं पाणी खरंच मागे जातं का? अलिबागच्या किल्ल्यात चालत जातात म्हणे, मग मध्येच पाणी आलं तर? मी सांगितलं, कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते, वेळ विचारून जायचं. तिथे कोळणी बाजारात मासे विकतात. “म्हणजे या आमच्या कोळ्यांच्याच का?” असं माहेरवाशिणीला विचारलं गेलं. नाव एक असलं तरी हे डोंगरचे महादेव कोळी, ते दर्याचे सोनकोळी, असं ती म्हणाली आणि वर म्हणाली, “पण बघायला आवडेल. त्या पैसा स्वतःच्या हातात ठेवतात म्हणतात.”

दुसऱ्या बैठकीत हात वर करून मत घेतलं तर भंडारदऱ्याला बहुमत. मला नवल वाटलं. मग लक्षात आलं की सासवा-सुना, जावा-जावा एका सतरंजीवर बसल्या आहेत. तिसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या टाकल्या. लिहिता न येणाऱ्यांनी समुद्राला गोल आणि भंडारदऱ्याला डोंगर काढायचा. एकतीस हजर. समुद्राला एकोणीस, भंडारदऱ्याला बारा. मग मी ठरवलं की या बारा जणी कोण हे शोधायचं नाही, पण ज्यांना वाटेल त्यांनी येऊन बोलावं. आठवड्याभरात आठ जणी आपण होऊन आल्या. त्यातल्या सहा जणींनी एकच सांगितलं: बघायचा समुद्रच आहे, पण रात्र बाहेर काढता येणार नाही.

म्हणजे डोंगर की दर्या हा प्रश्नच नव्हता. भंडारदऱ्याला संध्याकाळी परत येता येतं. संगमनेरहून अलिबागला जायचं तर किमान एक रात्र, खरं तर दोन. ठिकाण निवडताना बायका नकाशावर बोट ठेवत नव्हत्या, घड्याळावर ठेवत होत्या.

तेव्हापासून मी गटातल्या प्रत्येकीला एक प्रश्न विचारते आहे. लग्न झाल्यापासून तू किती रात्री घराबाहेर झोपलीस, आणि कशासाठी? हा काही अभ्यास नाही, पाहणी नाही. विड्या वळता वळता, शेजारी बसून विचारलेला प्रश्न. उत्तरं साधारण अशी येतात. बाळंतपणं. मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा, खाटेखाली चटई टाकून. वणीच्या देवीला, एकदा. सासऱ्यांबरोबर पंढरपूरला, सगळ्यांचा स्वयंपाक करायला. बहिणीच्या बाळंतपणाला तिच्या घरी. आणि एकीने सांगितलं, “आई गेली तेव्हा दोन रात्री माहेरी होते. दुसऱ्या रात्री भावजयीनं मला उठू दिलं नाही, चहा हातात दिला. आईच्या मयताला मला आराम मिळाला, असं वाटलं आणि मग रडू आलं.”

हे ऐकल्यावर मी पुढच्या घरी न जाता कार्यालयात परत आले.

आपल्या भाषेत बाईच्या सुटीला एक शब्द आहे, माहेरपण. नागपंचमीला, दिवाळीला लेकीने यायचं, आईने तिला बसवून खाऊ घालायचं. त्या शब्दाची गोडी मला मान्य आहे, मी स्वतः तिच्यावर वाढले. पण त्याची अट बघा. आई जिवंत हवी, भाऊ बरा हवा, भावजय राबायला हवी. एकीच्या माहेरपणासाठी दुसरीचं सासरपण दुप्पट होतं. आई गेली की बहुतेकींचं माहेरपण संपतं, आणि साधारण तेव्हाच गुडघे दुखायला लागलेले असतात. दुसरा मान्य रस्ता देवाचा. वारी, नवस, जत्रा. देवाच्या नावाने गेलेली बाई घरातून पळालेली नसते. मला देवदर्शनाची टिंगल करायची नाही. कित्येक बायकांनी मोकळी हवा फक्त त्या वाटेवर खाल्ली आहे. परंतु देव, बाळंतपण, आजारपण आणि मरण यांपैकी काहीही नसताना, नुसतं पाणी बघायला म्हणून रात्रभर बाहेर राहणं, याला आपल्या घरांत जागा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेचं प्रवासवर्णन मराठीत छापलं. इतकी वर्षं होऊन गेली, आणि आमच्या वस्तीत बाईने प्रवासाला कारण द्यावं लागतं.

माझ्या सहकारीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. ती म्हणते, आपला गट सगळ्यांचा. ज्यांना घरून रात्र मिळते त्या आधीच जरा सुटलेल्या आहेत. नवरा समजूतदार, किंवा नवरा नाहीच, किंवा मुलं मोठी. ज्यांना मिळत नाही त्या सर्वांत अडकलेल्या. अलिबाग ठरवलं तर सहल पुन्हा सुटलेल्यांची होईल आणि अडकलेल्या घरी विड्या वळतील. शिवाय त्यांचेही शंभर रुपये निधीत आहेत. त्यापेक्षा भंडारदरा, एक दिवस, चौतीस जणी.

बरोबर आहे. पण या हिशेबाने सगळ्यात कडक सासऱ्याच्या घरचा नियम आपण आख्ख्या गटाला लावतो. गेल्या वर्षी तेच केलं. ‘अंधाराच्या आत’ ही अट कोणी घातली होती? कोणत्याही नवऱ्याने माझ्याकडे येऊन घातली नव्हती. मीच घातली, कोणी बोलायच्या आत. चिठ्ठीवर गोल काढणाऱ्या एकोणीस जणींना एक रात्र मिळवता येत असेल, तर पुढच्या वर्षी बाकीच्यांना घरी सांगता येईल की अमकी गेली होती, धड परत आली, तिचं घर बुडालं नाही. दाखवायला कोणीतरी लागतं. आजवर आमच्या वस्तीत जे जे मिळालं, ते असंच मिळालं. पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बँक खातं काढणाऱ्या पाच जणीच होत्या.

मधला मार्ग म्हणून भंडारदऱ्यालाच मुक्काम करावा, अशीही सूचना आली. जवळचं आहे, घरचे ऐकतील. मी त्याचा विचार केला आणि चौकशीही केली. तंबू आहेत, घरगुती मुक्काम आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. पण त्या काठाची रात्र आता पूर्वीची राहिलेली नाही. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे येतात. घाटघर, मुतखेल, उडदावणे या पट्ट्यात शहरातल्या गाड्यांची रांग लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग, काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला खूण म्हणून, आणि त्यांच्यावर गाड्यांचे दिवे. वनखात्याला गर्दी आवरावी लागते. शनिवार-रविवारी तंबूंपाशी दारू आणि मोठ्याने गाणी. तिशी-चाळिशीच्या बायकांचा गट रात्री काठावर बसला तर दहा जण मोबाईल काढतात. मग बायका तंबूत जाऊन झोपतात. अलिबागेतही गर्दी आणि मोबाईल आहेतच, मला समुद्राचा भाबडेपणा नाही. समुद्र आधीच दांडगा, अनोळखी किनाऱ्यावर पाण्यात शिरून माणसं बुडतात, त्यामुळे गुडघ्यापुढे जायचं नाही हे ठरवूनच जायचं. पण तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. भंडारदऱ्याला संगमनेरच्या चार गाड्या भेटणारच. ओळखीच्या माणसापुढे पातळ भिजवून बसायला बायका तयार नाहीत, आणि अनोळखी गर्दीत तयार आहेत, असं त्यांनीच सांगितलं. मला हे आधी सुचलं नव्हतं.

आणि शेंडीच्या त्या घरची बाई माझ्या मनातून जात नाही. तंबूवाल्याच्या पाहुण्यांसाठी ती हंगामात रात्री अकरापर्यंत भाकऱ्या करते, पहाटे पुन्हा पोहे. ताटामागे तिच्या हातात काय पडतं, ते तिने सांगितलं नाही, सून मध्येच उठून गेली. त्या बाजूला बायकांचे बचतगट आहेत. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या मागे गावोगावच्या बायका उभ्या आहेत. पर्यटनाचा पैसा मात्र अजून गाडी, जागा आणि ओळखी असलेल्या पुरुषांच्या हातून फिरतो, आणि चूल बाईकडे राहते. आम्ही मुक्कामाला गेलो तर आमचा आराम तिच्या जागरणावर उभा राहील. अलिबागला खानावळीतही कोणीतरी बाईच राबत असणार, हे मला कळतं. म्हणून एवढं तरी करायचं की जिथे जाऊ तिथे जेवणाचे पैसे थेट रांधणारीच्या हातात द्यायचे, आणि किती ते आधी तिच्याशीच ठरवायचं. मधला माणूस नको. हे भंडारदऱ्याला गेल्या वर्षी करता आलं असतं. केलं नाही.

आता पैशाचं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्यावर शहाण्या लोकांनी पुष्कळ विनोद केले की बायका विनाकारण हिंडायला लागल्या. विनाकारणच हिंडाव्यात. ‘व्हाय लॉयटर’ या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या संदर्भात हेच म्हटलं, की बाईला सार्वजनिक जागेत काही काम नसताना असण्याचा हक्क हवा. संगमनेरच्या बाईला तो एसटीच्या अर्ध्या तिकिटाने थोडा मिळाला. पण तिकीट हा खर्चाचा लहान भाग. विडीचं काम नगावर, म्हणजे दोन दिवस बाहेर म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा लिहिलेली होती, आणि घरी वळणारीही कामगारच आहे हे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांनी घेतली. मी विचारलं, तर आमच्या चौतीस जणींपैकी एकीनेही कधी रजा म्हणून रजा घेतलेली नाही. काम केलं नाही तो दिवस म्हणजे खाडा. रजा हा शब्द त्यांच्या बोलण्यात मुलांच्या शाळेपुरता येतो.

शिवाय विडीची रजा मिळाली तरी घराची कोण देणार? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनमजुरीच्या कामाला बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. आणि हे ८८ देखील जे पुरुष काही करतात त्यांचेच.

म्हणून माझं म्हणणं असं. यंदा अलिबाग, दोन रात्री. सहलीच्या निधीतून गाडी आणि जेवणाबरोबरच प्रत्येकीच्या दोन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा काही भाग द्यावा, म्हणजे विड्या पिशवीत घालून न्यायची पाळी येणार नाही. त्यासाठी पुढचे चार महिने वर्गणी वाढवावी लागली तरी चालेल. ज्यांना येता येणार नाही त्यांचे पैसे त्यांना परत, आणि त्यांच्या घरी आम्ही आत्तापासून जायचं. परवानगी मागायला नाही. तुमच्या घरी दोन दिवस स्वयंपाक कोण करेल, पाणी कोण भरेल, हे पुरुषांना समोर बसवून विचारायला. या भेटी आपण हुंड्यासाठी, दारूसाठी, मारहाणीसाठी करतोच. सुटीसाठी कधी केलेल्या नाहीत. आणि समुद्रावर मी कागद नेणार नाही. माझ्या सहकारीलाही सांगितलंय, गाणी नको, खेळ नको, ‘अनुभवकथन’ तर मुळीच नको. ज्यांना झोपायचं त्या झोपतील.

भंडारदऱ्याचा इतिहास मला अजूनही महत्त्वाचा वाटतो, तो मी एखाद्या बुधवारच्या बैठकीत सांगेन, संगमनेरच्या घाटावर बसून. पाणी तेच आहे.

मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याच जणी धरतात, म्हणून सोमवार ते बुधवार ठरवलं आहे. गाडीचा विसार द्यायचा आहे. त्या सहा जणींपैकी दोघींच्या घरी जाऊन आलो. एका घरी सासरे उठून बाहेर गेले, पण नवरा बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, डाळ-भात मला येतो. दुसऱ्या घरी नाही झालं, पुन्हा जायचं आहे. आणि ती सासू-सुनेची जोडी. दोघींनीही चिठ्ठीवर गोल काढला होता, हे दोघींनीच मला वेगवेगळं येऊन सांगितलं. आता सासू म्हणते, सुनेला जाऊ दे, तिचं वय आहे, मी घर बघते. सून म्हणते, मी अजून चाळीस वर्षं जगणार, आत्यांना आधी बघू दे. दोघी एकदम गेल्या तर घरात दोन पुरुष आणि सातवीतला मुलगा. रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.